सुट्टीवाल्या मॅडमचं ऑफिस : आमची वाटचाल

ज्यांनी डिसेंबरअखेर कारखान्याचं मस्टर, म्हणजे हजेरीपुस्तक, पुढ्यात घेऊन कामगारांच्या रजांचा हिशोब काढलाय त्यांना वेगळं सांगायला नको, बाकी जगाला वाटतं वर्षाच्या रजा भागिले 12 केलं की झालं. आमचं ऑफिस पगारपत्रक, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) सगळंच करतं पण ओळख रजेच्या हिशोबाची. क्लायंटच्या गेटवरचा वॉचमनसुद्धा आत फोन लावून सांगतो, सुट्टीवाल्या मॅडम आल्यात. मला आवडतं ते, खोटं कशाला बोलू.

सुरुवात दोघांची. मी आणि माझा पार्टनर आधी एकाच कन्सल्टंटकडे कामाला होतो, तो गिऱ्हाईक आणायचा, मी आकडे बघायचे. हत्यारं म्हणाल तर मस्टर, प्रत्येक कामगाराचं पुठ्ठ्याचं लीव्ह कार्ड, मोठ्या बटणांचा कॅल्क्युलेटर आणि स्टीलची फुटपट्टी. फुटपट्टी नावाखाली धरायची आणि पी, पी, ए, हाफ, पी (पी हजर, ए गैरहजर, हाफ अर्धा दिवस) असं वाचत उजवीकडे जायचं, नाहीतर नजर एक ओळ खाली घसरते आणि एकाची गैरहजेरी दुसऱ्याच्या नावावर चढते. एक्सेल आलं तरी माझ्या शीटमधे क्रम तोच राहिला, रुजू तारीख, वर्षातले उरलेले दिवस, प्रत्यक्ष भरलेले दिवस, पात्र आहे का नाही, भागिले 20, आणि राउंड सगळ्यात शेवटी. शेवटी म्हणजे शेवटीच.

का ते सांगते. नोव्हेंबर 2025 पर्यंत कारखान्यांना फॅक्टरी कायदा 1948 लागू होता, त्याच्या कलम 79 प्रमाणे वर्षात 240 दिवस भरले की पुढच्या वर्षी दर 20 दिवसांना एक पगारी रजा मिळायची, एवढं सगळ्यांना पाठ असायचं. पण पोरगा 1 जुलैला लागला तर त्याचे 240 भरणार कसे? त्याला उरलेल्या दिवसांचा दोन तृतीयांश नियम होता, 1 जुलै ते 31 डिसेंबर 184 दिवस, त्याचे दोन तृतीयांश म्हणजे 123 भरले की तो पात्र. त्याने 130 भरले तर साडेसहा, अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण धरायचा, म्हणून 7. शेजारच्या मशीनवरच्याचे 129 भरले असतील तर 6.45 आणि हातात 6. एका हजेरीवर एक अख्खी रजा इकडची तिकडे होते, म्हणून ती फुटपट्टी.

अजून एक, यात भलेभले गंडतात. गेल्या वर्षी कमावलेली आणि यंदा घेतलेली रजा यंदाचे 240 मोजताना धरायची पण त्या दिवसांवर नवीन रजा द्यायची नाही. 228 दिवस काम आणि 15 दिवस रजा, म्हणजे 243, माणूस पात्र झाला, पण भागायचं 228 ला, येतात 11. 243 भागलेत तर 12 येतील आणि ती बारावी रजा कशाची हे विचारलं तर तुमच्याकडे उत्तर नाही.

पहिली काही वर्षं कामं वाढत गेली, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. मग 2017 आलं. जुन्या मुंबई दुकाने कायद्यात 60 दिवसांना 5 आणि 240 भरले की 21 रजा असा हिशोब होता, डिसेंबर 2017 मधे महाराष्ट्राचा नवा कायदा लागू झाला आणि तिथेही दर 20 दिवसांना एक आली, वर 8 सीएल, म्हणजे किरकोळ रजा, त्या तिमाहीप्रमाणे खात्यात टाकायच्या आणि वर्षअखेर उरल्या की गेल्या. ऑफिस आणि दुकानवाल्या सगळ्या क्लायंटची शीट नव्याने बांधायची होती आणि नेमका तेव्हाच पार्टनर बाहेर पडला. पडला तर पडला, पण क्लायंटची यादी नेली, माझी जुनी शीट पेनड्राइव्हवर नेली आणि एका पेरोल ॲपवाल्यांबरोबर, म्हणजे पगाराचा हिशोब करणारं ॲप विकणाऱ्यांबरोबर, बसला. माझ्याच क्लायंटना जाऊन म्हणाला, रजा मोजायला माणूस कशाला लागतो, एक क्लिक!

त्या एका क्लिकमधे काय होतं ते मी नंतर बघितलं. माझ्या शीटमधले जुने 21 तसेच, भागिले 12, म्हणजे महिन्याला 1.75, आणि ते दर महिन्याला राउंड! पावणेदोनचे 2, वर्षाचे 24. कायदा बदललेला, आकडा जुना, आणि त्या जुन्या आकड्यावरही तीन रजा फुकट. कारखान्यांना त्याने सरसकट 15 लावले होते, 1.25 चा दर महिन्याला 1, वर्षाला 12, म्हणजे तिथे कामगाराच्या तीन गेल्या. मालकाला कळत नाही, कामगाराला कळत नाही, स्क्रीनवर हिरवा गोल दिसतो आणि सगळे खूश.

अर्ध्याहून जास्त क्लायंट गेले. मदतीला ठेवलेल्या मुलीचा पगार मी घरातून दिला, ऑफिसचा बोर्ड उतरवायची भाषा घरात सुरू झाली होती. राहिले ते प्रेस शॉपवाले शेठ. त्यांनाही पार्टनरने ॲपचा डेमो दिला होता, त्यात मे महिन्यात सोडून गेलेल्या एका हेल्परचं फुल अँड फायनल, म्हणजे नोकरी सोडतानाचा शेवटचा हिशोब, काढून दाखवलं, चालू वर्षाची रजा शून्य. शेठनी मला बोलावलं, पार्टनर समोर बसलेलाच होता. शेठ म्हणाले, "मॅडम, हा शून्य म्हणतो, तुम्ही काय म्हणता?" मी हजेरी मोजली, 95 दिवस, भागिले 20, पावणेपाच, म्हणजे 5 दिवसांचा पगार द्यायचा. पार्टनर म्हणाला, "240 कुठे भरलेत त्याचे?" मी पुस्तक उघडून कलम 79 चं पोटकलम 3 शेठपुढे सरकवलं. त्यात होतं, नोकरी सोडली किंवा काढलं तर 240 भरलेले नसले तरी त्याच दराने पैसे द्यायचे आणि दुसरा कामाचा दिवस संपायच्या आत द्यायचे. शेठनी चष्मा लावून दोनदा वाचलं, अकाउंटंटला हाक मारली आणि तिथल्या तिथे व्हाउचर करायला लावलं. मला शाबासकी वगैरे काही दिली नाही, पण एमआयडीसीतल्या दोन शेजाऱ्यांना माझा नंबर दिला. गेलेले क्लायंट एकेक करून परत आले, काही आलेच नाहीत, त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

आता कोणी विचारलेलं नसलं तरी सांगते. कंपनीच्या पॉलिसीने कायद्यापेक्षा जास्त रजा देत असाल तर भागिले 12 खुशाल करा, पण महिन्याच्या मधे लागलेल्याचं काय करायचं ते ऑफर लेटरमधेच लिहा, आणि अपूर्णांक वर्षभर तसाच पुढे न्या. लीव्ह कार्डावर वर्षातून एकदा तरी कामगाराची सही घ्या. बायोमेट्रिकवर आंधळा विश्वास नको, पंच उमटला नाही की मशीन सरळ गैरहजर टाकतं. आणि पार्टनर घेतलात तर शीटला पासवर्ड ठेवा.

फॅक्टरी कायद्याच्या जागी आलेल्या नव्या ओएसएच कोडात (कामगारांची सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या अटींचा कायदा) 240 चे 180 झालेत, भागिले 20 तेच आहे, तर पुन्हा सगळ्या शीट उघडून बसलेय. काम द्यायचं असेल तर जरूर फोन करा, फक्त डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नको, तेव्हा कॅरी फॉरवर्ड, म्हणजे उरलेल्या रजा पुढच्या वर्षात नेणं, चालू असतं आणि मी घरच्यांशीही नीट बोलत नाही.