मामा तलावांच्या पाळीवर, फाल्गुन उतरताना

तलावांवर पक्षी बघायला डिसेंबर-जानेवारीत जायचं, हा आपल्याकडचा शिरस्ता. मी मुद्दाम मार्चचा शेवटचा आठवडा धरला आणि गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला एकटीच गेले. या दिवसांत पाहुण्या पाखरांची निघायची लगबग असते, घरच्यांची संसार मांडायची, आणि दोन्ही एकाच पाण्यावर दिसतात. बदकांचे हजारोंचे थवे हवे असतील तर मात्र हा महिना तुमचा नव्हे.

या मुलखात तलावांना तोटा नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली मिळून सहा हजारांवर जुने तलाव आहेत. सरकारदरबारी ते 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजे पूर्वी सारा वसूल करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. मला कितीतरी दिवस वाटायचं, कुणा मामाने बांधले असतील! यातले पुष्कळसे कोहळी समाजाने धानशेतीसाठी बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला असं सांगतात, आणि भोवतालच्या डोंगरांना 'सात बहिणी' म्हणतात.

पहिली चूक इथेच झाली. नकाशावर तलावाला बोट फिरवून मी ठरवलं होतं, दिवसभरात पायी एक फेरी मारू. तलाव पसरलाय सुमारे अकरा चौरस किलोमीटर, आणि पलीकडचा काठ जंगलात शिरतो. पाळ, म्हणजे तलावाचा मातीचा बांध, संपून पायवाट झाडीत वळते तिथे मोह वेचणारी एक आजी भेटली. टोपलं खाली ठेवून म्हणाली, "कोठी चालली व बाई एकटी? तिकडं नोको जाऊ, मोहाखाली अस्वल रायते." मी निमूट मागे फिरले. मोह गळायच्या दिवसांत अस्वलं पहाटेच फुलांवर येतात, म्हणून उजाडल्याशिवाय झाडीत पाऊल टाकू नका. हा भाग नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा आहे. पाळीपुरतं फिरा, पुढे जायचं तर वनरक्षकाला विचारून.

पाळीवरूनही कमी दिसत नाही. सकाळी पूर्वेच्या बाजूला उभं राहिलं की ऊन पाठीशी येतं. खोल पाण्यात मोठ्या लालसरी बदकांचे नर, नारिंगी डोकं आणि लाल चोच, दुर्बिणीतूनही ठिपक्याएवढेच. ८×४२ची दुर्बीण इथे अपुरी पडते. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिवईवर लावायची एकनळी दुर्बीण, असेल तर वजन सोसून आणा. माझा घरी राहिला होता.

दुसऱ्या दिवशी मोठ्या पाण्याचा नाद सोडला आणि सिरेगावबांधच्या बाजूचे लहान तलाव धरले. खरी भटकंती ही. पाळीवरून चालायचं, पाट ओलांडायचा, धानाच्या बांधावरून पुढच्या तलावाकडे. उन्हाळी धानाला पाणी सोडल्यामुळे तलाव झपाट्याने उतरतात आणि काठाला चिखलाचा पट्टा उघडा पडतो. त्यावर तुतवार, शेकाटे, धोबी असे पाणकाठचे पक्षी. निष्पर्ण पळसावर केशरी फुलांचा जाळ आणि त्यात पळसमैनांचा कलकलाट. चोचींना पराग लागलेला. आठ-पंधरा दिवसांत त्याही उत्तरेकडे निघतील.

कमळाच्या पानांवर कमळपक्षी होते. लांब शेपटीवाल्यांपैकी एकाची शेपटी नुकती वाढू लागली होती. या जातीत मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते आणि अंडी उबवतो बाप. काणूक बदकांची एक जोडी देवधानाच्या, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणाऱ्या रानधानाच्या, कडेने पोहत होती. कबुतराहून फार मोठं नसलेलं हे बदक झाडाच्या ढोलीत घरटं करतं. ज्या तलावाला बेशरम नावाच्या झुडपाने वेढलंय तिथे मात्र यातलं जवळजवळ काहीच नाही. लांबून ती गुलाबी फुलं दिसली की सरळ पुढच्या तलावाकडे वळा.

काणूक नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढे गेले आणि गुडघ्यापर्यंत गाळात. वरून भेगा पडलेली कोरडी माती, खाली नुसतं लोणी. पाय निघाला, चप्पल नाही निघाली. जाळं टाकणारा ढिवर दादा आधी पोटभर हसला, मग बांबूने चप्पल काढून दिली. तेव्हा मागे पट्टा असलेले बूट घाला, आणि गुरांच्या खुरांचे ताजे ठसे असतील तिथूनच चाला.

संध्याकाळी उथळ पाण्याच्या कडेला अकरा पट्टकादंब चरताना दिसले. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. तिबेट-मंगोलियाच्या सरोवरांवर वीण करणारे हे हंस हिमालय ओलांडून येतात. सात हजार मीटरांहून उंच उडताना त्यांची नोंद झाली आहे. इथून फार लांब नाही अशा गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला १९७२पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तिथली माणसं हिवाळाभर स्वेटर विकायला गावोगाव जातात आणि ऊन तापायच्या आत परततात. म्हणजे हंस इथून तिबेटला निघतात, तेव्हा तिबेटी माणसं इथे घरी आलेली असतात. दुसऱ्या पहाटे पुन्हा त्याच जागी गेले. चिखलात पावलांचे ठसे होते, हंस नव्हते.

सारस मी शोधला नाही. तो गोंदियाजवळच्या परसवाडा, झिलमिलीच्या बाजूला मिळतो. जिल्ह्यात पन्नासच्या आतच उरलेत. शेतात उतरून जोडीच्या मागे धावू नका, रस्त्यावरून बघा.

मुंबई-हावडा मार्गावरच्या गोंदियाला उतरून बल्लारशाच्या गाडीने देवळगाव किंवा अर्जुनी गाठता येतं. गाड्या मोजक्या, परतीची वेळ जातानाच विचारून ठेवा. सहा ते साडेनऊ आणि चारनंतर, एवढंच फिरणं. मधल्या वेळी पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि पाखरंही सावलीला बसतात. तीन लिटर पाणी, टोपी, मातकट रंगाचे कपडे. तलावांवर रेंजचा भरवसा नाही, म्हणून नकाशा आणि पक्ष्यांच्या आवाजाचं अ‍ॅप मुक्कामीच उतरवून घ्या. खाण्याचं बरोबर ठेवा. माझी एक दुपार नुसत्या चिवड्यावर आणि आजीने ओंजळीत घातलेल्या मोहफुलांवर निघाली.