द्वारा प्रयोगशाळा, अमरावती रोड

नागपूर विद्यापीठाच्या शतकमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी संघटनेच्या वाटचालीवर लिहावे, असे निमंत्रण आले तेव्हा आनंदापेक्षा संकोचच अधिक वाटला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या पदवीधरांत पंतप्रधानपदापर्यंत पोहोचलेले पी. व्ही. नरसिंह रावही आहेत, आणि थोरांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ठाऊक असलेला इतिहास एका जाड, कापडी पुठ्ठ्याच्या वहीत मावतो. ती वही आमच्या सरांची. त्यांचे नाव येथे लिहीत नाही, कारण नाव छापून आलेले त्यांना खपत नसे. शिवाय विद्यापीठाच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे एलआयटीत, त्या काळी शिकलेल्यांना ते सांगण्याची गरजही नाही.

मी १९७४ ते १९७८ या काळात तेल तंत्रज्ञान शाखेत होतो. संघटना, कार्यकारिणी, वर्गणी हे शब्द आमच्या कानांवर आले नव्हते. शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिके संपत आली की सर वही घेऊन प्रत्येकाच्या टेबलाशी येत आणि नाव, गाव व कायमचा पत्ता स्वतःच्या हाताने लिहून घेत. जुन्या पानांवर पिनकोडसाठी रकानाच नव्हता, कारण ती पद्धतच १९७२ साली सुरू झाली. मागाहून मिळतील तसे ते आकडे सरांनी पेन्सिलीने समासात भरले होते.

माझी पाळी आली तेव्हा मी सॅपॉनिफिकेशन व्हॅल्यू, म्हणजे तेलाचा साबण व्हायला किती अल्कली लागते तो आकडा, काढत होतो आणि फ्लास्कमधला गुलाबी रंग केव्हा जातो यावर डोळे लावून बसलो होतो. सरांनी कायमचा पत्ता विचारला. वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, महाल भागातली भाड्याची खोली महिनाअखेर सोडायची होती आणि पुढची ठरलेली नव्हती. ‘सर, कायमचा पत्ता नाही,’ एवढे म्हणताना माझा हात अल्कोहोलिक पोटॅशच्या, म्हणजे अल्कोहोलमधल्या दाहक अल्कलीच्या, बाटलीला लागला आणि ती उघड्या वहीवर कलंडली. मला वाटले, आता प्रात्यक्षिकाचे गुण गेले. सरांनी खिशातल्या रुमालाने पान टिपले, ओल्या भागाच्या खाली बोट ठेवून कोरडी जागा शोधली आणि लिहिले, ‘द्वारा प्रयोगशाळा, एलआयटी, अमरावती रोड, नागपूर.’ मग म्हणाले, ‘हा पत्ता बदलणार नाही. तुझे पत्र आले तर मी पोहोचवीन.’

आणि पत्र आले. जुलैच्या मुसळधार पावसात प्रयोगशाळेतील परिचर सायकलवरून आमची नवी खोली शोधत आला. त्याच्या हातातील लिफाफ्यात साबण कारखान्याचे मुलाखतीचे बोलावणे होते. माझी छत्तीस वर्षांची नोकरी आणि पुढे उत्पादनप्रमुखाचे पद त्या लिफाफ्यातून निघाले, असे मी आजही मानतो.

सर दर दिवाळीला वहीतल्या सर्वांना पोस्टकार्ड पाठवीत. कोण कोठे आहे, कुणाच्या कारखान्यात जागा निघाली आहे, एवढाच मजकूर असे. त्या कार्डांवरून एकमेकांचे पत्ते सापडले, मुंबईत आणि बडोद्यात चार-चार जण भेटू लागले आणि पुढे त्याला मेळाव्याचे रूप आले. पदवीधर म्हणून विद्यापीठात नाव नोंदवण्याचा आग्रहही ते धरीत. विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) आज नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. मतदान किती जण करतात, हा प्रश्न मी आमच्या मेळाव्यात विचारतो तेव्हा बहुतेकांचे लक्ष जेवणाच्या ताटाकडे असते.

दिवाळीच्या कार्डाला उत्तर न देणाऱ्यांवर सर रागावत नसत, फक्त रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांची आठवण देत. कामठीच्या या गृहस्थांनी मृत्युपत्राने विद्यापीठाला संपत्ती दिली आणि त्यातून १९४२ साली आपली संस्था उभी राहिली. ‘ते येथे एक दिवसही शिकले नव्हते, तुम्ही चार वर्षे शिकलात, पंधरा पैशांचे कार्ड तरी टाका,’ असे ते लिहीत. मी सलग सहा वर्षे ते कार्ड टाकले नाही. बढत्यांच्या गडबडीत राहून गेले, असे सांगता येईल. पण खरे कारण आळस हेच होते, आणि त्याची कबुली सरांसमोर देण्याची वेळ मी येऊ दिली नाही.

आता संघटना म्हटली की नोंदणी, लेखापरीक्षण आणि उच्च शिक्षणसंस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या अहवालात भरायचा माजी विद्यार्थ्यांच्या योगदानाचा रकाना, हे सारे आले. ते आवश्यक आहे, याबद्दल माझा वाद नाही. मोबाइलवरच्या गटात सकाळी दोनशे जण सुप्रभात म्हणतात. मात्र एखाद्याच्या मुलाला नोकरी हवी असेल तर ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

सरांच्या पश्चात त्यांच्या कुटुंबीयांनी वही माझ्या स्वाधीन केली. ती विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यावी, असे माझ्या मनात होते. परंतु शतकमहोत्सवाच्याच वर्षी, २०२३ मध्ये, एलआयटी विद्यापीठापासून वेगळी होऊन स्वतंत्र विद्यापीठ झाली. ही स्वायत्तता आम्हीच मागत होतो, तरी वहीच्या पुठ्ठ्यावर सरांच्या अक्षरात ‘नागपूर विद्यापीठ’ असे आहे आणि आतल्या प्रत्येक पानावर ‘एलआयटी’. ती कुणाच्या कपाटात शोभेल, हे ठरेपर्यंत ती माझ्या घरी आहे. ज्यांना आपली नोंद पाहायची असेल त्यांनी जरूर यावे. फक्त माझे पान जपून उलटावे, कारण पोटॅशने तेथला कागद खाल्ला आहे आणि पत्त्याची ओळ त्या भोकाच्या अगदी कडेला आहे.