घोड्याच्या पाठीवरच्या खपल्या : आधी पाहणी, मग औषध

सलग पाऊस झाल्यावर घोडीच्या पाठीवर आणि पुठ्ठ्यावर हात फिरवताना खडे लागले. केस वरून नीट दिसत होते, खाली खपल्या होत्या. अशा वेळी लगेच मलम लावायचं नाही. लावलं तर खूण पुसली जाते आणि पुढे पशुवैद्याला नमुन्यातून काही सापडत नाही. आधी मी जागा पाहते, कारण निम्मं निदान तिथेच होतं.

फक्त आयाळीच्या मुळाशी आणि शेपटीच्या बुडाशी घासून केस गेले असतील, तर संशय क्युलिकॉइड्स या बारीक चावऱ्या माश्यांवर. त्यांच्या लाळेची ॲलर्जी असते. फक्त पायांना खाज आणि सारखी पाय आपटण्याची सवय असेल, तर कोरिऑप्टिस हे खरजेचे किडे. फक्त पांढऱ्या केसांखालची गुलाबी कातडी भाजल्यासारखी झाली, तर तो उन्हाचा त्रास; त्याचं मूळ कधी यकृतात निघतं, म्हणून तिथे रक्ततपासणी हवीच. खोगीर आणि तंगाखाली गोल चट्टे म्हणजे बहुधा गजकर्ण. आणि पाणी ज्या वाटेने ओघळतं त्याच वाटेने खपल्या असतील, तर डर्माटोफिलस या जिवाणूचा संसर्ग. इथे तसंच होतं.

एक खपली चिमटीत धरून उचलली. केसांचा झुबका तिच्यासकट निघाला, रंगाच्या ब्रशसारखा. खाली ओली, गुलाबी कातडी आणि थोडा पू. गजकर्णात केस तुटतात, खुंट राहतात आणि वर राखेसारखा कोंडा असतो. पुष्कळजण डर्माटोफिलसलाही बुरशी समजून बुरशीची मलमं लावत बसतात. हा जिवाणू आहे, म्हणून ती मलमं त्यावर चालत नाहीत. खपलीचा खालचा भाग काचपट्टीवर दाबून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की गोल पेशींच्या समांतर रांगा दिसतात, रेल्वेच्या रुळांसारख्या. ते दिसलं की शंका उरत नाही.

गजकर्णाचा संशय असता तर नमुना वेगळा घ्यावा लागला असता. चट्ट्याची कड स्पिरिटने पुसायची, वाळू द्यायची, मग कडेचे केस मुळासकट उपटायचे. मधले नाहीत, कारण जिवंत बुरशी कडेला असते. ते कागदी पाकिटात ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये दमट होऊन भलतीच बुरशी वाढते.

उपचाराचं खरं काम खपल्या सोडवण्याचं. जिवाणू त्यांच्याखाली सुरक्षित असतो, पण कोरड्या खपल्या ओरबाडल्या तर घोडा दुखण्याने लाथ मारतो आणि जखम वाढते. म्हणून ४ टक्के क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या स्क्रबमध्ये तेवढंच कोमट पाणी घालायचं, म्हणजे २ टक्के होतं. ते खपल्यांवर चोळून १० मिनिटं ठेवायचं. घड्याळ लावून, अंदाजाने नाही. लगेच धुतलं तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. मऊ झालेल्या खपल्या तेवढ्या बोटाने काढायच्या, घट्ट असतील त्या पुढच्या वेळेला. औषध डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही, बुबुळाला इजा होते. तोंडावर फडक्यानेच पुसायचं. काढलेल्या खपल्या गोठ्यात टाकायच्या नाहीत, गोळा करून जाळायच्या. जिवाणू त्यांच्यात महिनोन्महिने तग धरतो.

धुतल्यावर कातडी मुळापर्यंत कोरडी करणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं. पाणी निथळायचं, मग स्वच्छ टॉवेल बदलत बदलत टिपायचं. केस लांब असतील तर त्या भागापुरते कापलेले बरे. पहिला आठवडा रोज, नंतर आठवड्यातून दोनदा, नवे केस दिसेपर्यंत. ओल्या अंगावर झूल घालायची नाही, आणि पाठ दुखायची थांबेपर्यंत खोगीर नाही. ताप आला, पाय सुजले किंवा खपल्या अंगभर पसरल्या, तर पशुवैद्य प्रतिजैविकाचं इंजेक्शन ठरवतील. तेलकट मलम मात्र नकोच, त्याखाली ओल कोंडते.

खरारा, ब्रश, झूल आणि खोगीराखालचं कापड प्रत्येक घोड्याचं वेगळं. मोतद्दाराने हातमोजे घालावेत, कारण गजकर्ण आणि डर्माटोफिलस दोन्ही माणसालाही होतात. गजकर्णात २ टक्के क्लोरहेक्सिडिन आणि २ टक्के मायकोनॅझोल हे बुरशीनाशक असलेला शाम्पू वापरतात. ग्रिसिओफुल्विन हे बुरशीवरचं पोटात द्यायचं औषध गाभण घोडीला देत नाहीत. खरजेसाठी गुराढोरांना वापरलं जाणारं अमिट्राझ घोड्याला अजिबात लावू नये. आतड्यांची हालचाल मंदावते, पोटात मळ अडकतो आणि पोटशूळ उठतो. नुसती खाज थांबवायला स्टेरॉइड देणंही नको. बुरशी किंवा जिवाणू त्याने फोफावतो, शिवाय खुरांच्या आतल्या दाहाची भीती.

उपचार नीट होऊनही एखादा गोल, बिनकेसाचा, खाज नसलेला चट्टा तसाच राहिला, तर तो सारकॉइड, म्हणजे घोड्याच्या कातडीची गाठ, असू शकतो. त्याला खरवडू नये, जहाल मलम लावू नये. छेडलं की गाठ वेगाने वाढू शकते. मापपट्टी शेजारी धरून फोटो काढावा आणि तो पशुवैद्याला दाखवावा. तुकडा काढून तपासायचा की नाही, हे त्यांनीच ठरवायचं.