कायदा १९६४चा, मग साठ वर्षांत वर का आले नाहीत?

भारतातून अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमला आलेले पाहुणे दोन दिवसांत एक गोष्ट टिपतातच: हॉस्पिटलात डॉक्टर गोरे नाहीतर आपल्याकडचे, आणि लाद्या पुसणारे, जेवणाचे ट्रे नेणारे काळे. मग प्रश्न येतो, "नोकरीतला भेदभाव कायद्याने १९६४ सालीच बंद झाला ना? मग हे लोक वर का आले नाहीत?" तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

अलाबामातलं हे शहर १८७१ मध्ये वसलं ते लोखंडासाठीच. इथली स्लॉसची भट्टी १९७१ला बंद झाली, आता तिथे संग्रहालय आहे. तिथे गोऱ्या आणि काळ्या कामगारांच्या न्हाण्या वेगळ्या होत्या, हजेरीचं घड्याळसुद्धा वेगळं. भट्टी एकच, पाळी एकच, पण कार्ड पंच करायचं ते आपापल्या घड्याळात.

घड्याळ काढून टाकता येतं. खरी मेख होती सीनियॉरिटीत. पोलादाच्या मोठ्या कारखान्यांत काळ्यांच्या वाट्याला कोक ओव्हन (दगडी कोळसा भाजून कोक करायच्या भट्ट्या) आणि भट्टीपुढची मजुरी यायची. चांगल्या पगाराच्या कुशल कामांवर गोरे. आणि सर्व्हिस मोजायची ती खात्यापुरती. वीस वर्षं कोक ओव्हनवर होरपळलेला माणूस १९६४ नंतर दुसऱ्या खात्यात बदली मागू शकत होता, पण तिथे तो सगळ्यात नवा. पगार खालून सुरू, आणि लेऑफ आला की पहिलं नाव त्याचं. पोराबाळांचा माणूस ही उडी कशी मारेल? तो होता तिथेच राहिला, आणि कागदावर तो त्याचाच निर्णय दिसला. मला सगळ्यात संताप येतो तो याचा.

मुंबईच्या गिरण्या माहीत असणाऱ्यांना हे परकं वाटू नये. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार जास्त, पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. बाबासाहेबांनी १९२८च्या संपात हाच प्रश्न लावून धरला होता.

इथे १९७४ मध्ये सरकार, नऊ पोलाद कंपन्या आणि युनियन यांच्यात बर्मिंगहॅमच्याच फेडरल कोर्टात तडजोड झाली. सर्व्हिस सगळ्या कारखान्याची धरायची ठरलं. तोवर दहा वर्षं गेली होती. पुढे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतला पोलाद धंदाच ढासळला. दार उघडलं आणि घरच बसलं.

आज शहरात सगळ्यात जास्त नोकऱ्या आहेत विद्यापीठात आणि त्याच्या हॉस्पिटलात. तिथे वर चढायला पदवी लागते. बापाची बढती वीस वर्षं अडवली गेली, त्या घरात कॉलेजची फी कुठून यायची? नव्या कारखान्यांतला मोठा, मर्सिडीजचा, तो व्हान्सला, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर हायवेला. स्वतःची गाडी नसेल तर पाळीला वेळेवर पोचणार कसं? "साठ वर्षं" म्हणताना यातली कुठली वर्षं धरायची, ते आधी तुम्हीच मला सांगा.