उलट बाजू दाखवा बघू

कसूतीची, म्हणजे उत्तर कर्नाटकातल्या धागे मोजून करायच्या भरतकामाची, पारख करायची तर पदर उलटा करून बघावा. गाठ दिसली, लांब धागे लोंबताना दिसले की समजायचं, घाईचं काम. युक्रेनी विशिवांकेला, म्हणजे भरतकामाच्या सदऱ्यालाही हीच कसोटी लावून बघा.

मे महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी देशोदेशीचे युक्रेनी लोक हा सदरा घालून कामावर जातात. सुरुवात २००६ साली चेर्निव्ह्त्सी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी केली. कॅनडात युक्रेनी वस्ती १८९१ पासूनची. तिथल्या पुढच्या पिढ्यांत भाषा पुष्कळदा सुटते, सदरा मात्र राहतो. पण कुठला सदरा? बोर्श्चिव्हकडच्या बाह्या काळ्या लोकरीने दाट भरलेल्या, पोल्ताव्हाचं काम पांढऱ्यावर पांढरं. खांद्याखालच्या पट्टीवरून जाणकार मुलूख ओळखतो. मशीनच्या सदऱ्यावर नुसतं ‘युक्रेनी’ एवढंच उरतं. ही घसरण आजची नाही म्हणा: एकोणिसाव्या शतकात मॉस्कोच्या ब्रोकार या साबण-अत्तराच्या कंपनीने साबणाबरोबर फुलीच्या टाक्याचे छापील नमुने वाटले, आणि मळाबरोबर गावोगावचे टाकेही थोडेफार धुऊन निघाले.

आपल्याकडे बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मराठी घरांत इरकल आपलीच वाटते. ती विणली जाते बागलकोट जिल्ह्यातल्या इलकलला, खण गुळेदगुड्डचा, आणि इरकलीवरच्या कसूतीच्या टाक्यांची नावं चक्क कन्नड: गवंती, मुर्गी, नेयगी, मेंथे. गवंती ‘गंटु’वरून, म्हणजे गाठ; नेयगी ‘नेयि’वरून, म्हणजे विणणं; मेंथे म्हणजे मेथी. सीमेचा वाद सुईने कधी मनावर घेतलेला नाही.

नेयगी आणि युक्रेनी ‘निझिंका’ ही तर जवळची भावंडं. दोन्हींत धावता टाका ओळीओळीने कापडात विणल्यासारखा बसतो. फरक एवढाच की निझिंका उलट बाजूने भरतात. सुलट बाजू अधूनमधून बघितली नाही तर चूक दहा ओळींनी सापडते, आणि मग दहाही ओळी उसवायच्या.

कसूतीत कापडावर आधी नक्षी आखायची नसते, धागे मोजायचे असतात. म्हणून आधी एक इंच चौकोनाला चार टाचण्या लावून उभे-आडवे धागे मोजा. समजा एका बाजूने ४० आणि दुसरीने ३२ निघाले. वीस टाक्यांचं गोपुर, दर टाक्याला चार धागे, म्हणजे ८० धागे: एका दिशेने दोन इंच, दुसरीने अडीच. रथ बसका आणि हत्ती लंबुळका दिसतो तो यामुळेच. शिकताना इंचाला २८ धाग्यांचं लिनन, बोथट सुई आणि सहापदरी लडीतले दोन पदर घ्या. इरकलीवर धागे दाट, नजर ठरत नाही; वर मोजणीची जाळी (वेस्ट कॅनव्हास) टाचून टोकदार सुईने भरा, मग जाळीचे धागे ओले करून चिमट्याने एकेक ओढून काढा. कात्री लावाल तर टाकाच तुटेल.

गवंतीत जाताना चार धाग्यांवरून, चारखालून. येताना मोकळ्या जागा भरायच्या. फांदी आली की तिच्या टोकापर्यंत जाऊन मूळ रेषेवर परत यायचं, मगच पुढे. जाताना एक धागा चुकला तर कळस मधोमध मिळत नाही. म्हणून सुरुवात मध्यापासून. सुरुवातीला गाठ न मारता तीन इंच शेपूट सोडा, शेवटी ती टाक्यांतच मुरवा.

टोपतेणीच्या, म्हणजे इरकलीच्या अंगाला पदर जिथे जोडतात त्या, जोडापासून नक्षी दोन बोटं लांब ठेवा. अंगाचं सूत कापसाचं आणि पदराचं रेशीम असेल तर दोन्हीकडची मोजणी जुळत नाही, आणि जोडावर ताणून घातलेला टाका तिथे चुणी पाडतो.

लाल धाग्याचा भरवसा धरू नका. ओला करून पांढऱ्या चिंधीवर दहा मिनिटं दाबून ठेवा. डाग उमटला तर तो धागा बाजूला. भरलेलं कापड थंड पाण्यात धुवा, भिजत घालू नका, आणि इस्त्री टॉवेलवर पालथं घालूनच करा.