समदं वाच

"काका, तुम्ही अजून हेच वापरलालाव?" पुतण्या दिवाळीला पुण्याहून लातूरला आला की माझ्या संगणकाची तपासणी ठरलेली. हेच म्हणजे फायरफॉक्स. २००४ साली आलेला आणि आमच्याकडं टिकलेला. दुपारची जेवणं झाली होती, चिवड्याचा डबा मधे होता. त्याच तेलकट हातानं त्यानं एक नवा ब्राउझर चढवून टाकला. एआयवाला. नुसतं पान उघडत नाही म्हणे, आपल्या वाटचं वाचतोसुद्धा.

मी बार्शी लाइट रेल्वेवरचा एक लांबलचक लेख सवडीनं वाचायला उघडून ठेवला होता. बाजूच्या पट्टीतून लगेच विचारणा: थोडक्यात सांगू? 'हो' पुतण्यानंच दाबलं. चार-पाच ओळी आल्या. रूळ अडीच फुटी, इंजिनिअर एव्हरार्ड काल्थ्रॉप, गाडी लातूर ते मिरज. चूक काढायला जागा नव्हती. रात्री लेख पुरता वाचला तेव्हा त्यात एक मावशी भेटली. येडशीच्या आसपास गाडी रेंगाळली की ती खाली उतरायची, सीताफळं घ्यायची आणि मागच्या डब्यात चढायची. ओळींमध्ये मावशीला जागा मिळाली नव्हती.

गावाकडं आमची चुलती-आजी अशीच पोस्टमनवर चिडायची. तिचा थोरला भिवंडीला मागावर होता. त्याचं कार्ड आलं की पोस्टमन सायकलवरूनच, एक पाय जमिनीला टेकवून, ओट्यावरच्या आजीला सांगून टाकायचा, "खुशाल हाय, म्होरल्या महिन्यात पैसे धाडतो म्हणलाय." त्याला पुढं दोन गावं करायची असत, त्याचंही बरोबर होतं. आजी कार्ड कमरेला खोचून ठेवायची आणि मी शाळेतून आलो की दप्तरही उतरू न देता समोर बसवायची. "आता समदं वाच." समदं म्हणजे 'श्री' पासून. मग पत्रातून एकेक बाहेर यायचं. म्हैस व्याली का, चिंचेचं गुत्तं किती आलं, शेजारच्या तात्यांना नमस्कार, बाळूला खोकल्याचं औषध. पत्ता लिहायच्या बाजूलाही कोपऱ्यात आडवं काहीतरी कोंबलेलं असायचं. ते तर ती दोनदा वाचायला लावायची. एकदा त्या कोपऱ्यातच निघालं की त्यानं खोली बदललीय आणि आता चौघांत राहतो. पोस्टमनच्या 'खुशाल' मध्ये हे कुठं बसणार?

असो. २०२५ मध्ये तर या बोलक्या ब्राउझरांची रांगच लागली. जुलैत पर्प्लेक्सिटीचा कॉमेट, ऑक्टोबरात ओपनएआयचा ॲटलस. पुतण्या हौसेनं नावं सांगत होता आणि मला आमची गंजगोलाई आठवत होती. सोळा रस्ते येऊन मिळतात तिथं. कापड लाइननं या की भुसार लाइननं, पोचता गोलाईतच. कॉमेट, ॲटलस, ब्रेव्ह, ऑपेरा, झालंच तर मायक्रोसॉफ्टचा एज, सगळ्यांच्या पोटात पान उघडून दाखवणारं इंजिन एकच, गुगलच्या घरचं क्रोमियम. फायरफॉक्स आणि सफारी तेवढे आपापलं इंजिन राखून आहेत. मी फायरफॉक्सला धरून आहे त्यात तत्त्व थोडं आणि हट्ट जास्त, हे पुतण्याला सांगितलं नाही.

मला ब्राउझर मुका आवडतो. पूर्वी सायबर कॅफेत प्लायवूडच्या खोपटात तासावर पैसे देऊन बसायचो, तेव्हा मराठी पेपर वाचायचा तर आधी त्या पेपरचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर अक्षरांचे किडे. वैताग होता, पण ब्राउझर जे आहे ते दाखवायचा. किडे तर किडे. हे नवे बरेच समजूतदार आहेत, आणि समजूतदार माणसाला कुणीही काहीही पटवू शकतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हवाल्यांनी ते करून दाखवलं. पानावर कुणी लपवून सूचना लिहून ठेवली तर कॉमेटचा मदतनीस ती मालकाचीच आज्ञा समजत होता; मेलमध्ये आलेला ओटीपीसुद्धा परक्याच्या हाती देत होता. "त्यावर दुरुस्ती केली की, काका," पुतण्या म्हणाला. केली असेल. लपवून लिहिणारेही काही बसून राहणार नाहीत.

एवढ्यात खालच्या आळीतले अण्णा आले. सप्टेंबरच्या पुरात त्यांच्या सोयाबीनचं पार चिखल झालेलं. कुणीतरी फोनवर पाठवलेला शासनाचा एक लांबलचक कागद घेऊन आले होते. "बघा बरं, काय म्हनलालेत ह्यात." पुतण्याला आयतीच संधी मिळाली. कागद नव्या ब्राउझरात टाकला, लगेच सारांश आला, सोप्या मराठीत, ठळक अक्षरांत. कोणाला मिळणार, कागदपत्रं कोणती, पैसे कुठं जमा होणार. अण्णा मान हलवत ऐकत होते. "लई छान. आन् तारीख?"

तारीख नव्हती. पुतण्यानं मूळ कागद उघडला आणि आम्ही तिघं पडद्यात डोकी घालून बसलो. प्रस्तावना, संदर्भ क्रमांक, वाचावे, मग मुद्दे, मुद्द्यांचे उपमुद्दे. शेवटच्या पानावर, सहीच्या वर, एका वाक्याच्या पोटात सापडली. उद्याची.

अण्णांनी चहासुद्धा घेतला नाही. आधार, पासबुक घेऊन तसेच सेतूवर गेलेत. सर्व्हर चालू असला आणि लाइट असली, म्हणजे मिळवलं.