तुम्ही विचारलंत म्हणून: ग्राफिक्स एवढे भारी, मग चेहरा मेलेला का?

अमळनेरला माझा फोटो स्टुडिओ आहे, लगीनसराई संपली की संध्याकाळी एडिटिंगच्या पीसीवर गेम चालू असतो आणि येणारी पोरं, गिऱ्हाईकं, अगदी अल्बम न्यायला आलेले नवरदेवसुद्धा एकच विचारतात, की भाऊ, कातडीवरची छिद्रं दिसतात, घाम दिसतो, तरी बोलायला लागला की माणूस असा का वाटतो? भाचा तर सरळ स्क्रीनकडे बोट दाखवतो, "मामा, हाऊ मरेल शे का?" (अहिराणीत, म्हणजे हा मेलेला आहे का?)

सगळे ओठांना दोष देतात. मला विचाराल तर ओठ हा त्यातल्या त्यात सोपा भाग. आवाजाच्या फाईलवरून तोंड हलवणं २००४ च्या हाफ-लाईफ २ या गेममध्येच होतं, आणि सायबरपंक २०७७ या गेमला तर जाली नावाचं सॉफ्टवेअर वापरून वेगवेगळ्या भाषांच्या डबिंगला ओठ जुळवलेत (मराठी नाही हो त्यात, अहिराणी तर सोडूनच द्या).

खरी गोची डोळ्यांची. स्टेजवर मी "हसा" म्हटलं की सगळे हसतात, पण फक्त तोंडाने, आणि मग कुणीतरी मागून टोमणा मारतो तेव्हा गाल वर चढतात, डोळे बारीक होतात, कडेला सुरकुत्या पडतात, तो फोटो घरचे फ्रेम करून लावतात. गेममधला माणूस बहुतेक वेळा माझ्या पहिल्या फोटोसारखा हसतो. शिवाय खरे डोळे गुळगुळीत फिरत नाहीत, उड्या मारतात, आणि बहुतेकदा मान वळायच्या आधीच तिकडे पोचलेले असतात. गेममध्ये मान वळते आणि डोळे तिच्यामागून आरामात येतात, संपलं. गणपतीच्या कारखान्यात रंग कुणीही मारतो पण डोळ्यांची आखणी हात बसलेल्या माणसाकडेच असते, ते उगाच नाही.

मग डोळे नीट का करत नाहीत? कारण मोठ्या रोल-प्लेइंग गेममध्ये (आपण एखादं पात्र होऊन खेळतो ते) संवाद हजारोंनी असतात. महत्त्वाचे कटसीन, म्हणजे मधले सिनेमासारखे प्रसंग, माणसं बसून हाताने करतात, बाकीच्यांना तयार हावभावांच्या साठ्यातून मशीन काहीतरी उचलून चिकटवतं. २०१७ चा मास इफेक्ट अँड्रोमिडा यातच गाजला, म्हणजे वाईट अर्थाने. त्यात एक बाई अगदी मख्ख चेहऱ्याने "माझा चेहरा थकलाय" असं म्हणते, त्याचे मीम्स जगभर फिरले, आणि पुढच्याच महिन्यात पॅच, म्हणजे दुरुस्तीचं अपडेट, आला त्यात डोळे सुधारले. मला तर नुसत्या डोळ्यांनीच निम्मा फरक वाटला.

उलट टोक म्हणजे २०११ चा एल ए न्वार. डिटेक्टिव्हचा गेम, समोरचा खोटं बोलतोय का ते चेहऱ्यावरून ओळखायचं, म्हणजे चेहरा फसला तर गेमच फसला. त्यांनी अॅक्टरला खुर्चीत बसवून चारी बाजूंनी ३२ कॅमेरे लावले आणि चेहरा जसाच्या तसा उचलला. आजही बघा, ओठ चावणं, नजर चुकवणं, सगळं खरं. पण शरीराची हालचाल वेगळी रेकॉर्ड केलेली, त्यामुळे मान आणि खांद्यांचा ताळमेळ नाही, डोकं नंतर आणून बसवल्यासारखं दिसतं. आणि खोटं बोलणारे इतकं ठळक खोटं बोलतात की आमच्या गावातलं शेंबडं पोरगंही पकडेल. तरी मला तो आवडतो.

माझ्या मते सगळ्यात हुशारी हाफ-लाईफ २ वाल्यांची. पॉल एकमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये सहकाऱ्यासोबत चेहऱ्याच्या हालचालींची एक पद्धत मांडली होती, कुठला स्नायू ओढला की काय हलतं, भुवईचा आतला कोपरा वर, गाल वर, असं सुटं सुटं. हाफ-लाईफ २ बनवणाऱ्या वाल्व्ह कंपनीने ती घेतली. चेहरे आजच्या मानाने साधेच, पण त्यातली अॅलिक्स नावाची मुलगी तुमच्याकडे बघते तेव्हा बघतेच. माझ्याकडे फोटो रीटच करायला येणाऱ्यांना हेच सांगत असतो, की सगळ्या रेषा घालवल्या तर चेहरा गोरा होईल पण तुमचा राहणार नाही. ऐकत कुणी नाही, पैसे मात्र देतात.

आणि हेलब्लेड, २०१७ चा. त्यातली नायिका सेनुआ जिने केली ती मेलिना युर्गेन्स त्या कंपनीत व्हिडिओ एडिटर होती, चाचणीसाठी तात्पुरती उभी केली आणि तिलाच ठेवलं, मग त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये अभिनयाचं बक्षीस मिळालं. (एडिटर लोकांना कमी समजू नका, एवढंच म्हणणं आहे.) टीम छोटी होती, पण चेहरा मुख्य एकच असल्याने जीव सगळा त्याच्यावर ओतला.

"मग भाऊ, बघायला कुठला घेऊ?" पीसी बरा असेल तर हेलब्लेड, जुना डबा असेल तर हाफ-लाईफ २, आणि कुठलाही घ्या, पण इंग्रजी थोडंफार कळत असेल तर सबटायटल बंद करा, नाहीतर सगळा वेळ खाली वाचण्यात जाईल आणि वर कोण काय करतंय ते दिसणारच नाही.